सिस्टर, आजीचं तोंड कोण धुणार?

दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना बरोबर काय न्यायचं, हा प्रश्न आमच्या शेंदूरजनाघाटात कुणाला पडत नाही. बहार असो नसो, कुठून तरी चार संत्री पिशवीत येऊन पडतातच. वरुड तालुक्यातलं हे गावच मुळी संत्र्याच्या कलमांवर उभं आहे. नर्सरी म्हटलं की आमच्याकडे आधी जंबेरीच्या खुंटावर डोळे भरलेली कलमं आठवतात, लहान मुलांची शाळा नंतर! तर ती संत्री सोलून, पिळून, चमच्याचमच्यानं रस पेशंटच्या तोंडात घातला जातो. भेटायला आलेली प्रत्येक बाई आपापला एक चमचा घालून जाते. प्रेमच असतं ते, त्यात शंका नाही. पण तो आंबटगोड रस रात्रभर त्या तोंडात राहतो. जिभेवर, दातांच्या फटीत, टाळूला चिकटून. सकाळी तो कुणी पुसलाय का, हे मात्र कुणी विचारत नाही.

आम्ही पाच-सहा जणी गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जात असतो. कुणाला वरुडला न्यायचं असतं, कुणाला अमरावतीला इर्विनमध्ये, कधी थेट नागपूरला मेडिकलमध्ये. सोबत जायला घरात माणूस नसलं की आम्हाला बोलावणं येतं. सुरुवातीला आम्ही पेशंटची पाठ बघायचो, टाचा बघायचो, लघवीची नळी बघायचो. तोंड बघायचं असतं हे आम्हाला एका आजींनी शिकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांना बोलताच येत नव्हतं. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली. ‘आजी जेवत नाहीत, दोन घास घेतले की तोंड मिटून घेतात,’ अशी सुनेची तक्रार होती. सून बिचारी रडकुंडीला आली होती. शेजारपाजारच्यांना वाटायचं, म्हातारीनं हट्ट धरलाय. आमच्यातल्या एकीनं टॉर्च लावून आजींचं तोंड उघडलं. लुळ्या पडलेल्या बाजूच्या गालात कधीचा कोण जाणे भाताचा गोळा साठला होता. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर होता, तो जरा पुसायला जावं तर खालून रक्त येत होतं. आणि वास... तो मी लिहीत नाही. कवळी वर तशीच बसवलेली होती. दवाखान्यातून घरी आणल्यापासून ती कुणी काढलीच नव्हती.

त्या आजी पंधरा दिवस एका मोठ्या दवाखान्यात राहून आल्या होत्या. पंधरा दिवसांत तीन पाळ्यांच्या कितीतरी सिस्टर त्यांच्या खाटेशी आल्या असतील. सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली, बीपी लिहिलं गेलं, चादर बदलली, पाठीला पावडर लागली. मग तोंडच कसं राहिलं? या प्रश्नाचा मी पिच्छा पुरवला. ओळखीच्या, अनोळखी, नोकरीतल्या, निवृत्त झालेल्या, जमेल तितक्या परिचारिकांना विचारत गेले. त्यांच्यावर ठपका ठेवायला नाही, खरंच जाणून घ्यायला. आधी सगळ्या पुस्तकातलं बोलल्या. दुसरा चहा झाल्यावर मनातलं बोलल्या.

‘ताई, खोटं काहून बोलू? बेडपॅनचं मले काही वाटत नाही. उलटी काढते, पू साफ करते. पन पेशंटनं तोंड उघडलं का पोटात ढवळून येते,’ एक सिस्टर म्हणाल्या. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई! ‘बायाईले नाकाले पदर लावता येते. सिस्टरले पदर कुठं?’ त्या हसल्या, पण नजर खाली होती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. कारण नर्सला किळस येते, हे म्हणायची सोयच नाही. सेवाव्रती म्हणायचं, पांढऱ्या कपड्यातली देवी म्हणायचं, १२ मेला गुलाबाचं फूल द्यायचं. मग त्या देवीनं मळमळतं कुणाला सांगावं?

दुसऱ्या एकीनं वेगळंच सांगितलं. तिला किळस नाही, भीती वाटते. शुद्धीत नसलेला पेशंट दात आवळतो, बोट चावतो. पाणी घातलं आणि ते श्वासनळीत गेलं तर? पेशंट ठसकला, निळा पडला तर जबाबदार कोण? ‘न केल्याबद्दल आजवर कुणी मेमो दिला नाही. करायला जाऊन काही झालं तर मात्र नोकरीवर येते,’ असं ती म्हणाली. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. तिसरी नुकतीच लागलेली, तरुण मुलगी. तिला लाज वाटते. पुरुष वॉर्डात, वडिलांच्या वयाच्या माणसाच्या ओठांत बोट घालायचं. तो टक लावून बघतो, किंवा डोळे मिटून घेतो. अंग पुसताना मध्ये कपडा असतो, पडदा लावता येतो. तोंडाला पडदा कुठून लावणार? चेहऱ्यासमोर चेहरा येतो. कधीकधी पेशंटच हात झटकून टाकतो, तेव्हा अपमान झाल्यासारखं वाटतं म्हणाली.

म्हणजे बघा, कामचुकारपणा या एका शब्दात आपण जे गुंडाळून टाकतो, त्याच्या आत किळस आहे, भीती आहे, संकोच आहे. आणि तो फक्त आमच्या वऱ्हाडातल्या सिस्टरांपुरता आहे असंही नाही. स्वीडनसारख्या देशात नर्सिंगच्या लोकांच्या सविस्तर मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तोंडाच्या निगेला नर्सिंगमध्ये कमी प्राधान्य मिळतं, हे त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. जिथं माणसं पुरेशी, हातमोजे पुरेसे, पगार चांगले, तिथंही तेच. तेव्हा हे नुसतं सोयीसुविधांचं दुखणं नाही.

आपल्याकडे मात्र त्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती आपल्याच स्वयंपाकघरात बांधलेली आहे. उष्टं! लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं, उष्ट्या हातानं वाढू नये, उष्टा चमचा भांड्यात घालू नये, कुणाचं उष्टं पाणी पिऊ नये. थुंकी म्हणजे विटाळ, हे मुलीच्या अंगात इतकं मुरतं की पुढं तिनं कितीही शिकावं, हात पुढं जाताना क्षणभर थांबतोच. मलमूत्राची घाण ही नुसती घाण असते, धुतली की गेली. लाळ हे दुसऱ्याचं उष्टं असतं. मूल आपलं असेल तर त्याचं उष्टं आपण सहज खातो, त्याच्या तोंडातला अडकलेला घास बोटानं काढतो, आणि त्याच बोटाला सासूच्या तोंडाशी जाताना काटा येतो. मी हे दुसऱ्यांबद्दल बोलत नाहीये. आपल्या सगळ्यांबद्दल बोलतेय.

याच उष्ट्या-विटाळापायी आपल्या समाजानं एके काळी नर्सिंगच नाकारलं होतं. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानड्यांनी बायकांना नर्सिंग शिकायला घराबाहेर काढलं, तेव्हा चांगल्या घरातल्या बाईनं परक्याची घाण काढायची का, असाच सूर होता. मिशनऱ्यांच्या दवाखान्यांतून, पुढं केरळातून आलेल्या मुलींनी आपल्या आजारी माणसांना उचललं, धुतलं, पुसलं. आपण त्यांना सिस्टर म्हटलं, पण आपल्या मुलीनं सिस्टर व्हावं असं वाटायला आपल्याला बराच काळ लागला. आता वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यातून मुली जीएनएम, एएनएम करतात. चांगलंच आहे. पण घरातून नेलेला उष्ट्याचा संस्कार कुठल्या अभ्यासक्रमात काढला जातो?

तसं अभ्यासक्रमात सगळं आहे हो. पहिल्याच वर्षी शिकवतात. ट्रे लावायचा. मॅकिंटॉश, टॉवेल, किडनी ट्रे, आर्टरी फोर्सेप्स, गॉजचे तुकडे, सोड्याचं पाणी, ओठांना लावायला काहीतरी ओशट. पेशंटची मान एका कुशीला करायची. आधी दात, मग हिरड्या, मग गालाची आतली बाजू, टाळू, शेवटी जीभ. निवृत्त झालेल्या एका सिस्टरनं मला हे सगळं एका दमात म्हणून दाखवलं, परवचा म्हणावा तसं! परीक्षेला विद्यार्थिनी एकमेकींवर किंवा पुतळ्यावर हे करून दाखवतात. पुतळ्याच्या तोंडाला वास येत नाही. वॉर्डात गेल्यावर पहिल्या वर्षाच्या मुली सकाळी सकाळी हे काम करतात, दुसऱ्या वर्षी ते मागं पडतं, तिसऱ्या वर्षी इंजेक्शन-सलाईन हातात येतं. नोकरीला लागल्यावर तोंड पुसणं हे ‘शिकाऊ मुलींचं काम’ होऊन बसतं. शिकाऊ मुली नसल्या तर मावशीचं. मावशी नसली तर नातेवाइकाचं. आणि नातेवाईक म्हणतो, दवाखान्यात सिस्टर आहेत की! असं हे तोंड हातोहात पुढं सरकवलं जातं आणि शेवटी कुणाच्याच हाती येत नाही.

हिशोब करून बघितला मी. नीट करायचं तर एका पेशंटला पाच-सात मिनिटं लागतात. वॉर्डात स्वतःचं स्वतः करू न शकणारे दहा पेशंट धरले तर एक तास गेला. दिवसातून दोनदा म्हणजे दोन तास. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स आणि नर्सिंग शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक असं आहे. हे वाक्य मी एका सिस्टरला वाचून दाखवलं तर तिला हसू आवरेना. ‘नाइटले मी एकटी अन् खाटा पन्नास. खाली गादी टाकलेले वेगळे!’ आता तिनं रात्री कुणाचे दात घासावेत? ज्याचा श्वास अडकला त्याच्याकडे ती धावणार, आणि धावलीच पाहिजे.

मग पाठ कशी सांभाळली जाते? तेवढ्याच सिस्टर, तेवढ्याच खाटा. तरी पेशंटला कूस बदलून देतात, पाठीला बेडसोअर होऊ नये म्हणून जपतात. याचं उत्तर मला त्या निवृत्त सिस्टरनं दिलं. बेडसोअर दिसतो. राउंडला आलेले डॉक्टर चादर उचलतात, नातेवाईक बोंब मारतात, जखम झाली की नर्सिंगचा दोष ठरतो. तोंडातलं कोण बघतं? तोंडातली घाण छातीत उतरून न्यूमोनिया झाला, तर कागदावर न्यूमोनिया लिहिलं जातं. म्हातारपण होतं, छाती भरली, गेली बिचारी. तोंडाचं नाव कुठंच येत नाही.

इथं मला अरुणा शानबागची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. स्वतः नर्स असलेली ही मुलगी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर ती जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयात पडून होती. तिला भरवलं, न्हाऊ-माखू घातलं ते केईएमच्या परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. ज्यांनी तिला हिंडता-फिरताना पाहिलंही नव्हतं अशा मुलींनी तिला आपलं मानलं. तिच्या अंगावर बेडसोअर नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो खरा होता. तिला दयामरण मिळावं म्हणून पिंकी विराणींनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ ला फेटाळली, तेव्हा या परिचारिकांनी केक कापला होता. त्या खटल्यातल्या कागदपत्रांत दोन गोष्टी अशा आहेत की त्या माझ्या मनातून जात नाहीत. एक, तिला मासे आणि चिकन सूप आवडायचं, ते मिळालं की ती हसायची, हे परिचारिकांनी तपासायला आलेल्या डॉक्टरांना सांगितलं होतं. म्हणजे चव होती! तोंडाला कळत होतं! आणि दुसरी, याचिकेत असं म्हटलं होतं की तिचे दात किडलेत आणि त्याच्या तिला असह्य वेदना होतात. रुग्णालयानं आपल्या उत्तरात तिच्या प्रकृतीचं बरंच वेगळं चित्र मांडलं, म्हणूनच तर न्यायालयानं डॉक्टर पाठवले. त्या वादात मला पडायचं नाही. पण जगात क्वचितच कुणाला मिळाली असेल अशी माया जिथं होती, तिथंही प्रश्न येऊन थांबला तो तोंडापाशी. स्वतःहून तोंड न उघडणाऱ्या, सांगू न शकणाऱ्या माणसाचे दात सांभाळणं किती अवघड असेल याचा यावरून अंदाज यावा. १८ मे २०१५ ला अरुणा गेली. न्यूमोनियानं.

तोंड आणि न्यूमोनिया यांचं नातं आता शास्त्रानं चांगलं पक्कं केलंय. आपल्या तोंडात जंतू असतातच. धडधाकट माणसाची लाळ सारखी वाहते, तो बोलतो, चावतो, गिळतो, चूळ भरतो, त्यामुळं ते आटोक्यात राहतात. आजारी माणसाचं तोंड उघडं राहतं, सुकतं, ऑक्सिजनचा मास्क लावला तर आणखी सुकतं. आमच्याकडच्या मे महिन्यात तर काही विचारूच नका. लाळ आटली की जंतूंना रान मोकळं. तीच लाळ झोपेत थेंबथेंब श्वासनळीत उतरते आणि छाती भरते. जपानमध्ये ११ वृद्धांच्या शुश्रूषागृहांत दोन वर्षं एक प्रयोग केला. अर्ध्या लोकांचे दात रोज प्रत्येक जेवणानंतर परिचारिकांनी किंवा सांभाळणाऱ्यांनी घासून दिले, उरलेल्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचं तोंड धुतलं गेलं त्यांच्यात न्यूमोनिया झाला शंभरात ११ जणांना, आणि इतरांत १९ जणांना. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त ब्रश! २०२३ च्या अखेरीला अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा १५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही हेच दिसलं. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्यांना तर ब्रशचा सगळ्यात जास्त फायदा झाला. दिवसातून दोनदा घासलं तरी पुरतं, हेही त्यात निघालं. सिस्टरांच्या कामाचा विचार करता ही आनंदाची बातमी म्हणायची.

यातली एक गैरसमजूत फार पसरलेली आहे आणि ती घरोघरी ऐकू येते, ‘नळीनंच तर अन्न देतो, तोंडानं काही खातच नाही, मग तोंड कशाला धुवायचं?’ खरं उलटं आहे. नाकातून नळी घातलेल्या माणसाचं तोंड जास्त लवकर घाण होतं, कारण चावणं-गिळणं थांबलं की लाळेची धुलाईही थांबते.

करोनाच्या काळात हे तोंड एकदम सगळ्यांना दिसलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा तडाखा राज्यात आधी आमच्या अमरावती जिल्ह्याला बसला, लॉकडाऊनही आधी इथंच लागला. त्यानंतर एप्रिल-मेमध्ये काळी बुरशी आली, म्युकरमायकोसिस. वाढलेली साखर, स्टेरॉइड आणि त्यातून ही बुरशी नाकातून, टाळूतून चढत डोळ्यापर्यंत जायची. नागपूरला कितीतरी जणांचा वरचा जबडा काढावा लागला. त्या वॉर्डात काम केलेल्या एक सिस्टर सांगत होत्या, ‘टाळू काळा पडलेला, दात हलतात, आणि पेशंट विचारतो, सिस्टर, माझं तोंड कसं दिसतं? काय सांगू?’ रोज दोन वेळा त्या जखमा धुवायच्या, अंगावर पीपीई किट, आत घामाच्या धारा. त्या काळात किळस कुठं गेली होती, असं मी विचारलं. त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘तेव्हा तोंड म्हणजे आजार होता. रोग समोर असला की हात आपोआप चालतो. नुसती घाण असली की थांबतो.’ मला वाटतं, किळसेबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं हेच.

आणि आमच्या भागातला खर्रा! यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर सर्रास मिळतो. बायकाही मागं नाहीत, कुणी मशेरी लावतं, कुणी गुल. यानं आतली कातडी आवळत जाते आणि एक दिवस तोंडच उघडेनासं होतं. दोन बोटंही आत जात नाहीत. असा पेशंट वॉर्डात आला की सिस्टरनं ब्रश घालायचा कुठून? पुढं कॅन्सर निघाला, शेक सुरू झाले की आत सगळं सोललं जातं, पाण्याचा घोटही तिखटासारखा झोंबतो. आमच्या भागातली कुटुंबं त्यासाठी नागपूरच्या तुकडोजी महाराज कॅन्सर हॉस्पिटलला जातात, नाहीतर मुंबईला टाटाला. मुंबईला गेलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो. जन्मभर खराटा हातात घेऊन गावं झाडणाऱ्या आपल्याच मुलखातल्या या माणसाच्या नावाच्या धर्मशाळेत बसून वऱ्हाडातल्या बाया नवऱ्याचं तोंड मीठ-सोड्याच्या पाण्यानं धुतात. टाटामधल्या सिस्टर त्यांना हे आधी शिकवतात. तिथून परत आलेली बाई गावात कुणाचंही तोंड न बिचकता उघडते, हे मी पाहिलंय. शिकवलं की जमतं, आणि जमलं की किळस बरीच कमी होते.

म्हणून आम्ही त्या निवृत्त सिस्टरना गावात बोलावलं. एका घरी, एका आजोबांच्या खाटेपाशी, पंधरा-वीस बाया जमल्या. त्यांनी जे दाखवलं ते इतकं साधं होतं की सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पेशंटला शक्य तितकं उठतं बसवायचं, पाठीला लोड लावायचा. बसवता येत नसेल तर कुशीवर, तोंड खालच्या बाजूला, म्हणजे पाणी बाहेर येईल, घशात जाणार नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश. पेस्ट वाटाण्याएवढीच, बेशुद्ध असेल तर तीही नको, नुसता ओला ब्रश. तोंडात पाणी ओतायचं नाही! हे त्यांनी तीनदा सांगितलं. ओलं करून घट्ट पिळलेलं स्वच्छ मऊ फडकं किंवा गॉज घेऊन हिरड्या, गाल, जीभ पुसायची. शुद्ध नसलेल्या माणसाच्या दातांमध्ये आपलं बोट कधीही ठेवायचं नाही. कवळी रात्री काढायची, घासायची आणि साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात टाकली तर वाकडी होते. ओठांना खोबरेल किंवा व्हॅसलीन. जिभेवर पांढरं दिसलं, रक्त आलं, गिळताना दुखतंय असं वाटलं तर खरवडत बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. तोंड आलेलं असलं की संत्र्याचा रस नको. इथं जरा चुळबुळ झाली. एकीनं विचारलंच, ‘संत्रं नको तर मग भेटाले जाताना न्यावं काय?’ सिस्टर म्हणाल्या, ‘ब्रश न्या ना, वीस रुपयाचा!’

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते पुस्तकात नाही. वास येणार हे आधीच मनाशी मान्य करायचं. नाक मुरडलं तर पेशंटला दिसतं, तो तोंड मिटतो आणि पुन्हा उघडत नाही. मास्क लावायचा, आणि लावताना म्हणायचं, मला जरा सर्दी आहे. त्याला नावानं हाक मारायची, ‘आता उजवीकडं पुसते हं,’ असं सांगत सांगत करायचं. आणि आपण कंटाळलो असलो, खरंच जमत नसलं, तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाला सांगायचं. यात लाज नाही.

दवाखान्यांकडूनही मागणं फार मोठं नाही. बीपी, ताप लिहायच्या कागदावर ‘तोंड’ असा एक रकाना वाढवा. सकाळ, संध्याकाळ, करणारीची सही. पाठीसारखंच तोंडही राउंडला बघा. भरती होताना नातेवाइकांना औषधांची चिठ्ठी देता, तिच्यात मऊ ब्रश लिहा. आणि सिस्टरांची जागा रिकामी असेल तर ती भरा, हे तर आहेच. ज्या एकटीनं पन्नास खाटा सांभाळायच्या, तिच्याकडून ब्रशची अपेक्षा करण्याआधी जरा मोजायला शिकलं पाहिजे.

निवृत्त सिस्टरांच्या घरी त्यांची आई आहे, नव्वदीच्या घरात. हात कापतात, पण माणूस शुद्धीवर, जीभ तर फारच तिखट! या बाईंनी तीस-पस्तीस वर्षं परक्यांची तोंडं धुतली, आणि स्वतःची आई काही केल्या तोंड उघडू देत नव्हती. ‘लेकीनं मायच्या तोंडात हात घालावा काय? थुका लागते तुया हाताले!’ दोन दिवस रुसवा झाला. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं आईला खुर्चीत बसवलं, ब्रशच्या दांडीला जुनं फडकं गुंडाळून ती जाड केली म्हणजे कापऱ्या हाताला धरता येईल, आणि ब्रश तिच्याच हातात दिला. आपण समोर आरसा धरून बसल्या. म्हातारीनं आधी आरशात नीट बघून कपाळावरचं कुंकू सारखं केलं, आणि मग ब्रश तोंडात घातला.